बाभळीच्या नावाची वाटणी

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याच्या पश्चिम भागात गवताळ माळ दूरवर पसरले आहेत. मिचेल गवताच्या या माळांवर तिथल्या मेंढपाळांची पिढ्यान् पिढ्या गुजराण चालली. गेली काही दशकं तिथे एका काटेरी झाडाने धुमाकूळ घातला आहे. ते झाड म्हणजे आपली बाभूळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जनावरांना सावली आणि चारा मिळावा म्हणून तिला भारतीय उपखंडातून तिथे नेलं गेलं. पुढे मेंढ्यांच्या जागी गाईगुरं आली. गुरांनी शेंगा खाल्ल्या, बिया शेणातून रानोमाळ पडल्या, दोन-चार ओली वर्षं साधली आणि बाभळीने माळ गिळायला सुरुवात केली. आज साठ लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर तिचा वावर आहे. देशाच्या सर्वांत घातक तणांच्या यादीत ती आहे. तिला खाणारे कीटक शोधायला तिथले शास्त्रज्ञ भारतात येऊन गेले. तिथे तिला 'प्रिकली अकेशिया' म्हणतात, म्हणजे काटेरी अकेशिया.

आता कोकणात या. १९८० नंतर सामाजिक वनीकरणाची लाट आली, तेव्हा सड्यांवर, डोंगरउतारांवर आणि रस्त्यांच्या कडेला एक परदेशी झाड रांगेने लावलं गेलं. कोयत्यासारखी वाकलेली जाडसर हिरवी पानं, पिवळे तुरे, कानाच्या पाळीसारख्या वळलेल्या शेंगा. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, कातळावरही ते तग धरतं आणि चुलीला लाकूड देतं. उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडून आलेल्या या झाडाला कोकणातला माणूस 'आकेशिया' म्हणतो.

तिकडे आपली बाभूळ अकेशिया, इकडे त्यांचं झाड आकेशिया. मात्र वनस्पतिशास्त्राच्या आजच्या नियमानुसार यांतलं एकच झाड अकेशिया आहे, आणि ते कोकणच्या सड्यावरचं. ज्या बाभळीवरून हे नाव मुळात पडलं, तिच्याकडून ते काढून घेतलं गेलं आहे. हे कसं झालं, हा गेल्या अर्धशतकातला वनस्पतिशास्त्रातला बहुधा सर्वांत कडवट वाद. त्यात शास्त्र आहे, कायदा आहे, मतदान आहे, राष्ट्राभिमानही आहे. गंमत अशी की शास्त्राच्या मुद्द्यावर फारसं भांडण नव्हतंच.

एका नावाखाली तेराशे जाती

'अकाकिया' हे नाव पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याच्या ग्रंथात येतं. इजिप्तमधल्या एका काटेरी झाडाचा औषधी रस त्याने त्या नावाने वर्णिला आहे. ते झाड म्हणजे नाईलकाठची बाभूळ. १७५३ साली लिनियसने तिला लाजाळूच्या प्रजातीत घालून 'मिमोसा निलोटिका' म्हटलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या चेल्सी बागेचा प्रमुख फिलिप मिलर याने 'अकेशिया' ही स्वतंत्र प्रजाती प्रसिद्ध केली. (शास्त्रीय मराठीत जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती; या लेखात तेच शब्द वापरले आहेत.)

पुढच्या शंभर वर्षांत युरोपीय जहाजं जगभरातून झाडंझुडपं आणत राहिली आणि अकेशियाचं पोट फुगत गेलं. लाजाळूच्या गोतातलं काहीही आलं की ते अकेशियात टाकलं जाई. या पसाऱ्याला शिस्त लावली जॉर्ज बेंथम याने. १८४२ मध्ये त्याने लक्षण ठरवलं: ज्यांच्या फुलात पुष्कळ पुंकेसर असतात आणि ते एकमेकांना चिकटलेले नसून सुटे असतात, ते अकेशिया. १८७५ मध्ये त्याने या प्रजातीचे सहा गट पाडले. त्याची ही मांडणी शंभर वर्षं टिकली. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा प्रसिद्ध ग्रंथ १९०१ पासून भागाभागांनी निघाला. त्यातही बाभूळ, खैर, हिवर आणि शिकेकाई शेजारी शेजारी अकेशिया म्हणूनच येतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीला अकेशियाच्या नावावर सुमारे साडेतेराशे जाती होत्या. त्यांतल्या साडेनऊशेहून अधिक एकट्या ऑस्ट्रेलियातल्या, उरलेल्या आफ्रिका, आशिया आणि दोन्ही अमेरिका खंडांत विखुरलेल्या.

बेंथमची कसोटी फुलाची होती. काट्यांकडे पाहिलं तर वेगळंच चित्र दिसतं, आणि ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. बाभळीची डहाळी हातात घ्या. जिथून पान फुटतं तिथे दोन सरळ, पांढुरके काटे जोडीने उभे असतात. पानाच्या देठाशी एरवी जी बारीक उपपर्णं असतात, त्यांचेच हे काटे झालेले आहेत. हिवराचंही तसंच. आता खैर घ्या. इथेही काटे जोडीने आहेत, पण ते आखूड, गळासारखे वाकडे, आणि ते उपपर्णांपासून झालेले नाहीत. सालीतून वर आले आहेत. शिकेकाईच्या वेलीवर तर जोडीचाही हिशोब नाही. बारीक वाकड्या काट्यांनी सगळी फांदी भरलेली असते, आणि त्यांच्याच आधाराने वेल शेजारच्या झाडावर चढते. फुलंही तेच सांगतात: बाभळीचे पिवळेधमक गोंडे, तर खैराच्या फिकट लांबट मंजिऱ्या.

कोकणातल्या त्या ऑस्ट्रेलियन झाडाला काटेच नसतात. त्याचं गुपित रोपवाटिकेत कळतं. बी रुजून आलेलं रोप पाहिलं तर पहिली एक-दोन पानं बाभळीसारखीच बारीक दलांची, पिसासारखी असतात. त्यानंतरच्या पानात दलं कमी होतात आणि देठ चपटा, रुंद होऊ लागतो. पुढे दलं नाहीशीच होतात आणि नुसता चपटा देठ पानाचं काम करू लागतो. सड्यावरच्या मोठ्या झाडावर आपण ज्यांना पानं म्हणतो ते सगळे देठ आहेत. कोवळ्या दलांतून उडून जाणारं पाणी या युक्तीने वाचतं. ऑस्ट्रेलियातल्या बहुसंख्य जातींनी हाच मार्ग धरला आहे.

म्हणजे एका नावाखाली निदान तीन वेगळ्या तऱ्हा नांदत होत्या. बेंथमलाही ते दिसत होतंच, म्हणून तर त्याने गट पाडले. प्रश्न इतकाच होता की हे एका घरातले भाऊ आहेत, की वेगवेगळ्या घरांतली माणसं एका छपराखाली राहत आहेत?

शास्त्राचा निकाल

हे छप्पर काढा असं पहिल्यांदा ठासून सांगणारा माणूस ऑस्ट्रेलियनच होता. क्वीन्सलंडचे लेस पेडली यांनी १९७८ मध्ये अकेशियाचे तीन उपविभाग मांडले आणि १९८६ मध्ये त्यांच्या तीन स्वतंत्र प्रजाती केल्या. बाभळीच्या गटाला अकेशिया, खैराच्या गटाला सेनेगालिया आणि ऑस्ट्रेलियन गटाला रॅकोस्पर्मा. नियमाला धरून त्यांनी आपल्याच देशातल्या झाडांचं नाव सोडून दिलं होतं. त्यांच्या देशबांधवांना हे मानवलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या अधिकृत वनस्पतिकोशाचे अकेशियावरचे दोन जाडजूड भाग २००१ मध्ये निघाले, ते अकेशिया याच नावाने.

दरम्यान डीएनएच्या अभ्यासाने पेडलींचं म्हणणं खरं ठरवलं. इतकंच नव्हे, ते अपुरं आहे हेही दाखवून दिलं. बाभूळ, खैर आणि ऑस्ट्रेलियन झाडं एका पूर्वजाची लेकरं नाहीत. ऑस्ट्रेलियन गटाचं जवळचं नातं बाभळीशी नसून शिरीषाच्या गोताशी आहे. अमेरिकेतले आणखी दोन छोटे गटही वेगळे निघाले. जुन्या अकेशियाच्या जागी निदान पाच प्रजाती कराव्या लागणार, यावर विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक अभ्यासकांचं एकमत होत आलं होतं.

खरं भांडण इथून पुढे. एकत्र कुटुंबाची वाटणी झाली की जमीन-जुमल्याचा हिशोब लागतो, पण पेठेतल्या दुकानाची पाटी एकच असते. ती कुणाकडे जाणार? वनस्पतिशास्त्रात याचं उत्तर नियमाने ठरलेलं आहे. प्रत्येक प्रजातीचं नाव एका ठरावीक जातीशी बांधलेलं असतं. तिला नमुना-जाती म्हणतात. प्रजातीचे कितीही तुकडे झाले, तरी ज्या तुकड्यात नमुना-जाती असेल त्याच्याकडे नाव राहतं. अकेशियाची नमुना-जाती नाईलकाठची बाभूळ होती. म्हणजे नाव बाभळीच्या गटाकडे राहायला हवं होतं, आणि ऑस्ट्रेलियातल्या साडेनऊशेहून अधिक जातींची नावं बदलायला हवी होती.

व्हिएन्नातली दुपार

नियमाला अपवादाची सोयही आहे. नियमाचं पालन केल्याने फार गोंधळ होणार असेल, तर एखादं नाव 'संरक्षित' करून त्याची नमुना-जाती बदलता येते. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अँथनी ऑर्चर्ड आणि ब्रूस मॅस्लिन यांनी नेमका हाच प्रस्ताव मांडला. अकेशियाची नमुना-जाती बाभूळ नको, 'अकेशिया पेनिनर्व्हिस' ही ऑस्ट्रेलियन जाती घ्यावी. युक्तिवाद सरळ होता. ऑस्ट्रेलियन गट सर्वांत मोठा आहे. नाव त्याला दिलं तर कमीत कमी जातींची नावं बदलावी लागतील. शिवाय जगभरच्या व्यापारी वनीकरणात, कागदाच्या लगद्यासाठी, कातडी कमावण्यासाठी लावल्या जातात त्या जाती बहुतेक ऑस्ट्रेलियनच.

युक्तिवादामागे भावनाही होती. अकेशियाला ऑस्ट्रेलियात 'वॅटल' म्हणतात. सोनेरी वॅटल हे त्या देशाचं राष्ट्रीय पुष्प, देशाच्या राजचिन्हात वॅटलच्या डहाळ्या आहेत, खेळाडूंच्या पोशाखाचा हिरवा-सोनेरी रंगही त्याच फुलाचा. १ सप्टेंबरला तिथे वॅटल दिन पाळतात.

विरोधकांचं म्हणणं असं: जाती मोजून हिशोब करू नका, देश आणि माणसं मोजा. ऑस्ट्रेलियन गट जवळजवळ सगळा एका देशात आहे. बाभूळ आणि खैराचे गट आफ्रिका, आशिया आणि अमेरिकेतल्या अनेक देशांत आहेत. सुदानचा डिंक याच गटांतल्या झाडांचा, सव्हानातली छत्रीसारखी पसरलेली झाडं याच गटातली. तिथल्या वनखात्यांच्या नोंदी, औषधकोश, पाठ्यपुस्तकं, शेतीच्या पुस्तिका सगळं बदलायचं, आणि तेही ज्या देशांकडे त्यासाठी पैसा कमी त्यांनी. आणि नियम बाभळीच्या बाजूने असताना तो वाकवायची गरजच काय?

बीजधारी वनस्पतींच्या नावांवर निर्णय देणाऱ्या तज्ज्ञ समितीने ९ विरुद्ध ६ मतांनी प्रस्तावाच्या बाजूने कौल दिला. वरच्या समितीनेही तो उचलून धरला. शेवटचा शब्द मात्र आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेचा. ती सहा वर्षांनी भरते. २००५ च्या जुलैत ती व्हिएन्नाला भरली.

व्हिएन्नात मतदान झालं तेव्हा समितीची शिफारस फेटाळावी असं म्हणणाऱ्यांना ५४.९ टक्के मतं पडली. ती मान्य करावी म्हणणाऱ्यांना ४५.१ टक्के. आणि तरीही शिफारस मंजूर ठरली. कारण समितीची शिफारस उलथवायला ६० टक्के मतं लागतात, असं सभेचं सूत्र होतं. बहुमत विरोधकांचं, विजय प्रस्तावकांचा.

यावर रान उठलं. नियम बदलायचा असेल तर ६० टक्के पाहिजेत, हे ठीक; पण इथे नियम मोडायचा होता आणि अपवादाची बाजू मांडणाऱ्यांना बहुमत नसताना तो मिळाला, अशी टीका झाली. 'अल्पमताचं राज्य' हे शब्द शास्त्रीय नियतकालिकांच्या शीर्षकांपर्यंत पोचले. मतांच्या वाटपावरही बोट ठेवलं गेलं. या सभेत हजर माणसाला एक मत असतं, शिवाय मोठ्या वनस्पतिसंग्रहांना आकारमानाप्रमाणे एक ते सात संस्थामतं असतात. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या, श्रीमंत संस्थांकडे ती भरपूर. ज्या देशांच्या रानात ही झाडं आहेत, त्यांच्याकडे थोडी. व्हिएन्नाचं विमानभाडं परवडणाऱ्यांच्या संख्येतही तीच तफावत.

२०११ ची परिषद योगायोगाने मेलबर्नला, म्हणजे ऑस्ट्रेलियातच भरली. तडजोडीचे प्रस्ताव आले. दोन्ही गटांना अकेशिया म्हणू द्यावं, अशी एक कल्पनाही होती. ते सगळे पडले आणि व्हिएन्नाचा निर्णय बहुमताने कायम झाला. त्याच सभेने नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये लिहिण्याची जुनी सक्ती उठवली आणि निव्वळ ऑनलाइन प्रकाशनही ग्राह्य धरलं. बाहेरच्या जगाला लक्षात राहिला तो मात्र अकेशियाचाच निकाल.

नवी नावं, जुने पुडे

तर आता मांडणी अशी. हजाराहून अधिक जातींचा ऑस्ट्रेलियन गट म्हणजे अकेशिया. बाभळीचा गट व्हॅचेलिया; त्यात दीडशेहून अधिक जाती. खैर-शिकेकाईचा गट सेनेगालिया. सुमारे दोनशे जाती. अमेरिकेतले दोन छोटे गट अकेशिएला आणि मारिओसूसा.

व्हॅचेलिया हे नाव नवं भासलं तरी त्याचा उगम भारताशी निगडित आहे. मद्रास इलाख्यात काम केलेले रॉबर्ट वाइट आणि त्यांचे सहकारी वॉकर-आर्नट यांनी १८३४ मध्ये दख्खनी द्वीपकल्पाच्या वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात ते प्रसिद्ध केलं. ज्याच्यावरून नाव ठेवलं तो जॉर्ज व्हॅचेल हा मकाव इथला ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री. त्याने चीनच्या किनाऱ्यावर वनस्पती गोळा केल्या होत्या. नावाचा आधार होती देवबाभूळ, सुगंधी फुलांची अमेरिकन पाहुणी. पावणेदोनशे वर्षं हे नाव कपाटात पडून होतं. वाटणी झाली तेव्हा बाभळीच्या गटासाठी नियमानुसार सर्वांत जुनं उपलब्ध नाव तेच निघालं. अशा रीतीने पिरॅमिडांच्या काळापासून माणसाला माहीत असलेलं झाड एका पाद्र्याच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं.

२००८ मध्ये बाभळीचं 'व्हॅचेलिया निलोटिका' आणि खैराचं 'सेनेगालिया कटेचू' झालं. हिवर व्हॅचेलियात गेला. शिकेकाई 'सेनेगालिया रुगाटा' झाली. आणि २०१४ मध्ये दक्षिण व पश्चिम आशियातल्या उरलेल्या जातींचीही नवी नावं प्रसिद्ध झाली.

व्यवहारात काय फरक पडला? शिकेकाईच्या पुड्यांवर आजही सर्रास 'अकेशिया कॉन्सिना' छापलेलं असतं. आयुर्वेदिक दंतमंजनांवर बाभळीसाठी 'अकेशिया अरेबिका' हे त्याहून जुनं, कुक यांच्या काळातलं नाव आढळतं. दुसरीकडे जिथे कारभार देशी नावाने चालतो तिथे काहीच अडलेलं नाही. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत खैर आहे. चिपळूण-सावर्ड्याकडे काथासाठी चोरट्या खैराचा ट्रक पकडला, तर पंचनाम्यात 'खैर' लिहिलं की भागतं. काथ करणाऱ्यालाही सेनेगालियाशी देणंघेणं नाही. तो खोडाचा तांबूस गाभा पाहतो. त्याच्या चिपा उकळतो, पाणी गाळून आटवतो, आणि थंड झाल्यावर जमलेल्या लगद्याच्या वड्या पाडतो. मराठवाड्यातल्या सुताराला बाभळीचं कोणतं खोड औताला आणि कोणतं बैलगाडीच्या आऱ्यांना चांगलं, हे लॅटिनवाचून कळत आलं आहे. बाभळींतही सरळसोट वर जाणारी रामकाठी तो वेगळी ओळखतो.

नावाचा त्रास होतो तो मधल्या थराला. संशोधकाला, बियाणं परदेशी पाठवणाऱ्याला, औषधी वनस्पतींच्या निर्यातदाराला, पदव्युत्तर विद्यार्थ्याला. बाभळीच्या डिंकावरचं सगळं संशोधन शोधायचं तर आता निदान तीन नावांनी शोधावं लागतं. एखादा उल्लेख निसटला तर तो अभ्यास झालाच नाही असं धरलं जातं. खर्च खरा आहे, पण तो हजार ठिकाणी वाटला गेल्यामुळे कुणाच्या ताळेबंदात दिसत नाही. व्हिएन्नात नेमका हाच खर्च मोजला गेला नाही. जाती मोजल्या गेल्या, कारण त्यांची यादी तयार होती.

एवढं करूनही वाटणी संपलेली नाही. सेनेगालियाही एकजिनसी नाही असं दिसू लागलं आणि २०१७ मध्ये तिच्यातून पॅरासेनेगालिया व स्यूडोसेनेगालिया हे आणखी दोन छोटे गट वेगळे काढले गेले. २०२४ च्या माद्रिद परिषदेत तर मुद्दा प्रजातीचा नव्हताच. दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी वापरल्या गेलेल्या एका शिवीवरून आलेला 'काफ्रा' हा शब्द अनेक वनस्पतींच्या नावांत होता. तो बदलून 'आफ्रा' करावा असा प्रस्ताव ३५१ विरुद्ध २०५ मतांनी मंजूर झाला. खैराची आफ्रिकन बहीण 'सेनेगालिया काफ्रा' त्यामुळे 'सेनेगालिया आफ्रा' होते. प्रस्ताव मांडणारे गिडियन स्मिथ आणि एस्त्रेला फिगेरेदो हे दोघेही अकेशियाच्या वादावर लिहीत आलेले. नावात न्याय-अन्यायाचा प्रश्न येतो, हे परिषदेने पहिल्यांदा इतक्या उघडपणे मान्य केलं.

शमीची गोष्ट

अकेशियाच्या निकालाकडे नीट पाहायचं तर दुसरं एक प्रकरण शेजारी ठेवावं लागतं. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी 'प्रोसोपिस' या प्रजातीत मोडते. तिच्याच प्रजातीत मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडून आलेली आणि आपल्या माळांवर, पडीक रानांवर माजलेली वेडी बाभूळ होती. २०२२ मध्ये प्रोसोपिसचीही वाटणी झाली. अमेरिकेतल्या जाती संख्येने कितीतरी जास्त, चाळिसाच्या वर. शमीच्या बाजूला उरल्या अवघ्या तीन. पण नमुना-जाती शमी होती, म्हणून प्रोसोपिस हे नाव तिच्याकडे राहिलं आणि वेडी बाभूळ 'नेल्टुमा' झाली. अमेरिकेत हीच झाडं मेस्किट म्हणून लोकांच्या जिव्हाळ्याची, कोळशाच्या आणि पिठाच्या व्यापारातली. तरीही इथे नियम जसाच्या तसा लागला.

पन्नास जाती आणि हजार जाती यांत फरक आहे, हे कबूल. हजार नावं बदलण्याचा गोंधळ मोठा झाला असता. मॅस्लिन यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. मेलबर्ननंतर हा निकाल फिरवण्यातही आता शहाणपण नाही. दोनदा बदललेलं नाव तिसऱ्यांदा बदलून नवा घोळ घालण्यापेक्षा 'व्हॅचेलिया निलोटिका' पाठ केलेलं बरं. आक्षेप आहे तो पद्धतीवर. वर्गीकरण हा शास्त्राचा प्रश्न होता आणि डीएनएने तो सोडवला. नाव हा वाटाघाटीचा प्रश्न होता. ज्यांची झाडं, ज्यांची पुस्तकं, ज्यांचा खर्च, ते त्या सभेत मोजक्या हातांनी बसले होते, आणि बहुमत असूनही हरले.

यातून आपल्यासाठी निघणारा धडा भावनिक नाही, कामाचा आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर संग्रह आहे. विद्यापीठांतले छोटे संग्रह वेगळेच. सह्याद्रीतल्या जातींवर उद्या असा प्रस्ताव येईल, तेव्हा त्याला मुदतीत लेखी उत्तर देणं, संस्थामतांसाठी अर्ज करणं, सभेला माणूस पाठवणं, ही कामं कुणीतरी करायची आहेत. ही परिषद १९०० पासून भरते आहे. भारतात ती एकदाही झालेली नाही, आणि २०२९ मध्ये केप टाउनच्या निमित्ताने आफ्रिकेत ती पहिल्यांदाच जाते आहे. मतपत्रिका आली नाही अशी तक्रार निकालानंतर करण्यात अर्थ नसतो.